म्हणे, पार पडलं!

सकाळी मेल उघडला तर एकच ओळ. 'द डील फेल थ्रू लास्ट नाइट.' ज्या करारासाठी आमची सगळी टीम तीन महिने राबत होती, त्याबद्दल परदेशातल्या साहेबांनी लिहिलेली. आता मला सांगा, यातला कुठला शब्द अवघड आहे? 'फेल' म्हणजे पडलं. 'थ्रू' म्हणजे पार. पार पडलं! समारंभ पार पडतो, निवडणूक पार पडते, शस्त्रक्रिया पार पडते, तसा आमचा करार पार पडला. मी आनंदाने 'रिप्लाय ऑल' दाबलं आणि लिहिलं, 'वंडरफुल न्यूज! काँग्रॅच्युलेशन्स टू द एंटायर टीम!' दोन उद्गारचिन्हं आणि वर एक फुगा.

करार फिस्कटला होता.

त्या मेलवर चौदा माणसं होती. दोन मिनिटांत सहकारी मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं बाई, डील बोंबललीय! काय लिहून बसलीस हे?" मी डोळे फाडफाडून तीच ओळ पुन्हा वाचली. अजूनही त्यात मला पार पडलेलंच दिसत होतं. निदान 'फेल' हा शब्द नुसता कानावर पडला असता, तर परीक्षेतलं नापास होणं आठवून तरी सावध झाले असते. कागदावर स्पेलिंग वेगळं, तेवढीही सोय नाही.

आणि खरी चीड इथेच आहे. 'डील वेंट थ्रू' म्हटलं की करार झाला. 'केम थ्रू' म्हटलं की शब्द पाळला. 'पुल्ड थ्रू' म्हटलं की मरता मरता वाचला. थ्रू, थ्रू, थ्रू, सगळीकडे शुभशकुन. फक्त 'फेल थ्रू' म्हटलं की सत्यानाश! हे ठरवलं कोणी? कुठल्या सभेत?

लोक म्हणतात, इंग्रजीच्या म्हणी अवघड. छे! म्हणी बिचाऱ्या गणवेशात येतात. आकाशातून कुत्री-मांजरं पडायला लागली की बावळटातल्या बावळट माणसालाही कळतं की काहीतरी वेगळं चाललंय, थांबून अर्थ बघावा. 'किक द बकेट' घ्या. मरण्यासाठी हा वाक्प्रयोग १७८५ साली फ्रान्सिस ग्रोस यांनी लंडनमध्ये छापलेल्या रांगड्या बोलीच्या कोशात आहे, आणि ही नेमकी कुठली बादली यावर अजून एकमत नाही. नसू दे. बादलीला लाथ मारली असं वाचलं की मी आपोआप दचकते, तेवढं पुरतं. पण 'गेट', 'पुट', 'टेक', 'लुक' आणि त्यांच्या मागे लोंबकळणारी ती अप, डाउन, ऑफ, आउट ही चिल्लीपिल्ली? ते साध्या वेशातले पोलीस. पाचवीच्या पुस्तकातले शब्द, ओळखीचे चेहरे. आपण बेसावध, आणि बेडी पडल्यावर कळतं. न समजलेला शब्द शोधता येतो हो. पण आपल्याला समजलंय असंच ज्याबद्दल वाटतं, ते माणूस कशाला शोधायला जाईल?

'पुट डाउन' बघा. फोन खाली ठेवला, पुट डाउन. यादीत नाव लिहून घेतलं, पुट डाउन. बंड मोडून काढलं, पुट डाउन. चारचौघांत कुणाचा पाणउतारा केला, पुट डाउन. आणि आजारी कुत्र्याला डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं, तेही पुट डाउन. मग 'वुई हॅड टु पुट हिम डाउन' असं कुणी डोळे पुसत सांगितलं, तर मी काय समजायचं? यादीत नाव घातलं म्हणून रडतोय?

'गो ऑफ' तर निव्वळ खोडसाळपणा आहे. दिवा 'वेंट ऑफ' म्हणजे विझला. गजर 'वेंट ऑफ' म्हणजे वाजायला लागला! दूध 'वेंट ऑफ' म्हणजे नासलं. बॉम्ब 'वेंट ऑफ' म्हणजे फुटला. ज्या 'ऑफ'च्या बटणाने जगातली यच्चयावत यंत्रं बंद पडतात, त्याच 'ऑफ'ने गजर बोंबलत सुटतो. उलट फॉर्म 'फिल इन' करा नाहीतर 'फिल आउट' करा, आत आणि बाहेर दोन्ही एकच. वेग कमी करायचा तर 'स्लो डाउन' चालतं आणि 'स्लो अप'ही चालतं. म्हणजे विरुद्ध शब्दांचा अर्थ एक, आणि एका शब्दाचे अर्थ विरुद्ध. 'लुक ओव्हर' म्हणजे नजर फिरवणं, तेच उलटं करून 'ओव्हरलुक' केलं की नजरेतून सुटणं. आणि 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेखही आणि देखरेखीत झालेली चूकही. वा रे भाषा!

व्याकरण विचारायला जावं तर आणखी संताप. 'टर्न ऑफ द लाइट' बरोबर. 'टर्न द लाइट ऑफ' बरोबर. 'टर्न इट ऑफ' बरोबर. 'टर्न ऑफ इट' मात्र चूक. बरं, मग दिव्यासारखं माणसालाही मध्ये घालू? 'लुक हिम आफ्टर'? नाही, तिथे 'लुक आफ्टर हिम'च. का? तर म्हणे कानाला बरोबर वाटतं. कोणाच्या कानाला? माझे कान तर केव्हाच लाल झालेत.

आता कुणीतरी शहाणा म्हणेलच की आपल्याकडे काय कमी आहे का. मान्य आहे! आपण गप्पा मारतो, उडी मारतो, हाक मारतो, मिठी मारतो आणि डोळाही मारतो, कुणाला खरचटतसुद्धा नाही. घरातून बाहेर पडताना 'येतो' म्हणतो. संस्कृतात तर त्यावर श्लोकच आहे, उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने भलतीकडे ओढून नेतो म्हणून: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. जेवण आणि कत्तल एकाच धातूतून. पण निदान तो उपसर्ग शब्दाला पुढून घट्ट चिकटलेला असतो, वेशीवर उभा राहून सांगतो की बाबा रे, मी आहे. जुन्या इंग्रजीतही असंच होतं. 'विथस्टँड', 'ओव्हरकम', 'फर्गिव्ह' ही त्याचीच उरलीसुरली खूण. पुढे ही पिल्लं क्रियापदाच्या पाठीमागे गेली आणि मोकाट सुटली. कधी कर्माच्या अलीकडे, कधी पलीकडे, कधी आठ शब्दांनंतर वाक्याच्या शेवटी. तिथे पोचेपर्यंत मी अर्थ लावून मोकळी झालेली असते.

यात भर म्हणजे १०६६ साली नॉर्मन लोक इंग्लंडवर राज्य करायला आले. त्यांच्या फ्रेंचमधून आणि मागाहून थेट लॅटिनमधून भारदस्त शब्दांची रांग लागली. म्हणून एका कामाला दोन शब्द: 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ', 'टॉलरेट' आणि 'पुट अप विथ', 'एक्स्टिंग्विश' आणि 'पुट आउट'. आम्ही शाळेत घाम गाळून पहिला गट पाठ केला. 'एक्स्टिंग्विश'चं स्पेलिंग झोपेतून उठवलंत तरी सांगेन! आणि हे लोक बोलताना वापरतात दुसरा गट. वर आम्हालाच सांगतात, जड शब्द टाळा हो, सोपं इंग्रजी लिहा. अहो, तुमचं सोपं इंग्रजी म्हणजेच तर सगळे सुरुंग पेरलेलं रान! ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी एका 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले होते. तीन अक्षरांचा शब्द. 'एक्स्टिंग्विश'ला बिचाऱ्याला किती असतील?

आणि त्या याद्या! 'गेटपासून होणारे पंचवीस वाक्प्रयोग, आजच पाठ करा.' गेट अप, गेट बाय, गेट ओव्हर, गेट अवे, गेट अराउंड, सगळे एकाखाली एक. जुळ्यांच्या वर्गात हजेरी घेतल्यासारखं. संध्याकाळपर्यंत कोण कुठला ते कुणालाच कळत नाही. मग सल्ला, 'संदर्भावरून समजून घ्या.' माझ्या मेलला संदर्भ होता ना, तीन महिन्यांचा! त्या संदर्भानेच तर मला फुगा पाठवायला लावला.

त्यांचं त्यांना तरी जमतं का? दुसऱ्या महायुद्धात एका बैठकीत ब्रिटिश अधिकारी एक कागद 'टेबल' करा म्हणून आग्रह धरत होते, म्हणजे लगेच चर्चेला घ्या. अमेरिकनांच्या भाषेत 'टेबल' करा म्हणजे बाजूला ठेवा. दोघांनाही तो लगेच चर्चेला हवा होता, तरी बराच वेळ कडाक्याचा वाद झाला. खुद्द चर्चिल यांनी आठवणींमध्ये हे लिहून ठेवलंय. महायुद्ध चालू असताना! मग माझा एक फुगा माफ करायला काय हरकत होती?

माफ केला म्हणा. साहेब 'नो वरीज' म्हणाले. पण काल पुन्हा त्यांचाच मेल. नव्या ग्राहकासमोर मी केलेल्या सादरीकरणाबद्दल. 'युअर प्रेझेंटेशन वेंट डाउन वेल.' पोटात गोळाच आला. वेंट डाउन, म्हणजे आपटलं. वेल, म्हणजे चांगलंच. चांगलंच आपटलं! मी माफीचा मेल लिहायला घेतला, दोन परिच्छेद झालेही, आणि मग कुठे हात थांबला. शोधून पाहिलं तर अर्थ निघाला, सगळ्यांना फार आवडलं.

दोन्ही परिच्छेद पुसले. चार शब्द लिहायचीही हिंमत होईना. शेवटी नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवून दिला. एवढं शिकून सवरून सहीच्या जागी अंगठा!