लो व्होल्टेजला मोटर जळत नाही म्हणे!

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की आमच्या बीड-लातूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. "ओहमचा नियम आठवा. व्होल्टेज कमी तर करंट कमी, म्हणून लो व्होल्टेजला मोटर बिनधास्त चालवा. केबल कितीही लांब असो, दोन्ही टोकांना करंट सारखाच, तोटा शून्य. डीपीवर (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर) मोटरी समांतर असतात, एकीचा दुसरीला त्रास नाही."

पहिलं वाक्य पाणी तापवायच्या हीटरला लागू आहे. 230 व्होल्टवर 1000 वॅटचा हीटर 180 वर जेमतेम 610 वॅट देतो. मोटरचं तसं नाही. फिरणारी मोटर आतून विरोधी व्होल्टेज तयार करते आणि तेच करंटला आवर घालतं. पुरवठा घसरला तरी पाण्याचा भार जवळपास तेवढाच राहतो. मग मोटर जरा मंदावते, विरोध घटतो, करंट वाढतो. 5 एचपीची थ्री फेज मोटर 415 व्होल्टवर साडेसात ॲम्पिअर घेत असेल, तर 330 वर ढोबळमानाने साडेनऊ घेईल. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीच्या वर. त्यात जास्त करंटला मोटर बंद करणारा रिले सारखा ट्रिप होतोय म्हणून कुणी तो 'डायरेक्ट' केलेला, म्हणजे वगळलेला असला, की मोटर सरळ वाइंडिंगवाल्याकडे. (थांबलेली मोटर सुरू करताना मेसेजचा हिशेब बराचसा जमतो खरा. पण 80 टक्के व्होल्टेजला सुरुवातीचा जोर 64 टक्केच उरतो. ती नुसती घुमत बसते आणि त्या घुमण्यातच जळते.)

केबलमध्ये करंट दोन्ही टोकांना सारखा, हे किर्कहॉफच्या पहिल्या नियमाने बरोबर. दुसरा नियम, म्हणजे केबलने खाल्लेलं व्होल्टेज मोटरच्या वाट्यातून वजा होतं, हा मेसेजवाल्याने सोयीने गाळला. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम. विहीर डीपीपासून 300 मीटरवर असेल तर दर फेजला 2.2 ओहम, दोन फेजमध्ये जवळजवळ 29 व्होल्टची घट आणि तिन्ही तारा मिळून 370 वॅट वाया. अर्धा एचपी नुसती केबल तापवायला.

समांतर जोडणीत व्होल्टेज सारखं, पण कमी झालेलंही सारखंच! 63 केव्हीएची डीपी फेजला 84 ॲम्पिअर देते, म्हणजे अशा अकरा मोटरी. आमच्या डीपीवर चौदा आहेत. लाइट आली की सगळ्यांचे ऑटो (मोटर आपोआप सुरू करणारे स्टार्टर) एकदमच मोटरी ओढायचे, एकेक पाच-सहापट करंट घेऊन. आता आम्ही ऑटो काढून पाळ्या लावल्यात, आधी लांबच्या विहिरी.