मॅडम, बॅचमध्ये मुलं कुठली आहेत?

दुपारी एका बाईंचा फोन आला. मुलगा दहावीत जाणार, गणित कच्चं आहे वगैरे. फी विचारली, वेळ विचारली आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, राग नका मानू, पण बॅचमध्ये मुलं कुठली आहेत? म्हणजे, तिकडची जास्त नाहीत ना? वातावरण चांगलं पाहिजे ना हो."

'तिकडची' म्हणजे कुठली, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. इंदोरा, मोमिनपुरा, ताजबाग, म्हणजे दलित आणि मुस्लिम वस्त्या. आडनाव थेट विचारणं बरं दिसत नाही, म्हणून आपल्याकडे आधी 'कुठं राहता?' विचारतात. मी म्हटलं, सगळी मुलं नागपूरची आहेत, आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोकं तापलंय. कुलर सुरू आहे तरी.

हे चूक आहे, हे माझ्या यादीतल्या कोणाला पटवायची गरज नसावी. पण 'त्यात काय एवढं, नुसतं विचारलंच तर आहे' म्हणणारे तुमच्यातही निघतील, म्हणून लिहितेय.

शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगी बसायची. नाव सांगत नाही, ती हे वाचेल. वर्गसमीकरणाचे अवयव ती तोंडी पाडायची. मी वहीत पहिली ओळ लिहीपर्यंत हिचं उत्तर तयार असायचं. एकदा घटक चाचणीच्या आधी सर वर्गात आले आणि म्हणाले, "ज्यांची शिष्यवृत्ती आली आहे त्यांनी उभं राहा." चारपाच जण उभे राहिले. सर हसून म्हणाले, "या, सरकारचे जावई!" वर्ग हसला. मग पेपर वाटले. शेजारी मी बघत होते, ती एकच गणित लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. खोडून खोडून कागद फाटला. पेपर अर्धा कोरा गेला.

सरांनी तिला मारलं नाही, नापास केलं नाही, वर्गाबाहेर काढलं नाही. गंमत केली फक्त.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या जागतिक बँकेच्या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. जात कोणी काढली नाही, तेव्हा दलित मुलं आणि सवर्ण मुलं जवळपास सारखीच. मग दुसऱ्या गटांत सगळ्यांसमोर मुलाचं नाव, गाव, बापाचं नाव आणि जात वाचून दाखवली. दलित मुलांची सुटलेली कोडी लगेच कमी झाली. कोडी तीच, शिव्या नाहीत की धमकी नाही. नुसती जात वाचली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो फाटका कागद आला.

अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरनसन या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबद्दल असंच काही दाखवलं होतं. 'ही तुमच्या बुद्धीची परीक्षा आहे' म्हटलं की त्यांचे गुण घसरायचे. पुढे इतरांनी करून पाहिलं तेव्हा परिणाम तितका मोठा निघाला नाही, हेही खरं. असेल. पण जे होतं ते कसं होतं, हे मी बाकावरून पाहिलंय. अर्धं डोकं गणितात आणि अर्धं पहाऱ्यावर. चुकले तर हे म्हणतील, बघा, आम्ही म्हणतच होतो. माझं गणित चुकलं तर माझं एकटीचं चुकायचं. तिचं चुकलं की तिच्या अख्ख्या वस्तीचं.

आणि वर आपण म्हणणार, आमच्या मनात तसं काही नाही हो!

पुण्याला गेलेलं आपलं पोरगं 'करून राहिलो' म्हणालं आणि कोणी फिस्सकन हसलं की कसे पेटतो आपण! विदर्भाची माणसं आळशी म्हटलं की भांडायला उठतो. तिथं बरोबर कळतं. फोनवर 'तिकडची' म्हणताना कळत नाही.

बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना दीक्षाभूमीवर नेतो. 14 ऑक्टोबर 1956, बाबासाहेब, लाखो माणसं, सगळं अभिमानानं सांगतो, स्तूपासमोर फोटो काढतो. आणि दसरा जवळ आला की, "तिकडे गाडी नेऊ नका, फार गर्दी अन् कचरा." गर्दी असते, मान्य. गणपतीतही असते.

माणसाचं डोकं कप्पे करतंच, हे मला सांगू नका, माहीत आहे. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं इंग्लंडात शाळकरी मुलांचे गट पाडले. निमित्त काय, तर क्ले या चित्रकाराची चित्रं आवडतात की कँडिन्स्कीची. तेवढ्यावरसुद्धा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. पण त्या मुलांचे गट खोली सोडली की संपले. इथं कप्पा जन्माआधी ठरलेला असतो.

'एकत्र बसली की मुलं आपोआप शिकतात' हेही अर्धंच. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच लिहून ठेवलंय की नुसता सहवास पुरत नाही. दर्जा बरोबरीचा लागतो, काम एक लागतं आणि वर बसलेल्या माणसाचा त्याला पाठिंबा लागतो. आम्ही दोघी तर एका डब्यातलं खात होतो. वर बसलेल्या माणसानं एका वाक्यात सगळं मोडलं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. फोनवरच्या बाई वाईट नसतील. मुलाची काळजी आहे त्यांना, आवाजात जाणवत होती. हेच जास्त टोचतं. वाईट माणसाशी भांडता येतं.

माझी ती मैत्रीण आता सरकारी कचेरीत आहे. मुलाला माझ्याकडे घालायला आली होती. मी सरांची गोष्ट काढली, तर म्हणाली, "जाऊ दे नं, मला तं आठवतही नाही." मग फी भरली, चप्पल घातली आणि दारातून विचारलं, "तू हजेरी कशी घेते गं? आडनावानं का?"

नाही म्हटलं. पहिल्या नावानं घेते, आणि कुठल्या अर्जात काय भरलंय हे वर्गात कधी विचारत नाही. तिचा पोरगा भूमितीत थोडा आळशी आहे, बाकी झकास. परवा फळ्यावर चुकला तर स्वतःच हसला.

त्या बाईंनी मुलाला पाठवलं तर घेईन. बसेल जागा मिळेल तिथं, शेजारी कोण ते मी सांगणार नाही.

कमेंटमध्ये कोणी आरक्षणाची टक्केवारी घेऊन आलं तर डिलीट करीन. भिंत माझी आहे.