कंबरदुखी: जोपासना आणि संगोपन

कंबरदुखी फुकट मिळत नाही, ती कमवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगभरात ६१.९ कोटी लोकांनी ती कमावली होती. मग तुम्हीच काय घोडं मारलंय?

सुरुवात बैठकीपासून करा. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. माणूस हलला-चालला, दाब कमी-जास्त झाला, की पोषण आत झिरपतं. तेव्हा हलू नका. खुर्चीच्या टोकाशी घसरून पाठीची कमान करा आणि मान लॅपटॉपमध्ये घाला. पाणीही पिऊ नका, म्हणजे दुसऱ्या कामासाठी उठायला नको. मागच्या खिशात जुन्या बिलांनी फुगलेलं पाकीट ठेवून एका अंगाला कलून बसलात तर उत्तमच.

आता मुख्य विधी, सिलिंडर. आत १४.२ किलो गॅस आणि वर साधारण तेवढंच लोखंड, म्हणजे तीसेक किलोचा ऐवज. भित्री माणसं गुडघ्यांत वाकतात, ओझं पोटाशी धरतात, वळायचं झालं तर पावलं वळवतात. तुम्ही गुडघे ताठ ठेवा, कमरेतून वाका, हात लांब करा आणि उचलता उचलता अंगाला पीळ द्या. आतून ‘अहो, थांबा, बंड्याला हाक मारते’ असं ऐकू आलं, तर ‘हॅ, त्यात काय!’ म्हणायला विसरू नका. उसण नेमकी त्या ‘काय’वर भरते.

मिळवलेलं टिकवणं मात्र कठीण. साधी उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहिलं तर लवकरच. हा धोका ओळखून पंधरा दिवस गादी सोडू नका. पहिल्याच दिवशी एमआरआयचा हट्ट धरा. कंबर कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या चित्रातही चकती फुगलेली दिसते, पण ते कुणाला सांगू नका. ‘एल-४, एल-५’ ही कमरेच्या मणक्यांची नावं तेवढी तोंडपाठ केलीत की लग्नाच्या पंगतीत शेजारचा जेवण संपेपर्यंत तुमचा.

(लघवीवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद जाऊ लागली, तर हा लेख तिथेच टाका आणि तडक इस्पितळ गाठा. तिथे चेष्टा नाही.)

रोजचं चालणं आणि पोट-पाठीचे व्यायाम यांनी दुखणं परत यायची शक्यता कमी होते, म्हणून ते सोमवारपासून सुरू करा. कोणता सोमवार, ते ठरवू नका. सिगारेट चकत्यांनाही बाधते, तेव्हा तीही चालू राहू द्या.

आजीचा उपाय तर आहेच: पायाळू माणूस गाठायचा आणि उसण भरलेल्या जागी त्याची लाथ खायची. पण उलट्या बाळांना हल्ली बहुधा सिझेरियननेच बाहेर काढतात, त्यामुळे सरळ पायांनी या जगात पाऊल टाकलेली माणसं मिळेनाशी झालीत. आमच्या सोसायटीत एक काका होते, अख्ख्या इमारतीला लाथाडून पुण्य कमावलेले. गेल्या महिन्यापासून तेही दार उघडत नाहीत. सिलिंडर उचलायला गेले होते म्हणे.