आडनावावरून कोणी ‘चिनी’ ठरत नाही

व्हिएतनामी माणसांविषयी एक ठोकताळा समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्यानुसार त्रान, लाम, हुइन्ह अशा आडनावांचे लोक मूळचे चिनी, तर न्गुयेन अस्सल व्हिएतनामी. आणि तिथल्या चिनी कुटुंबांनी ओळख लपवण्यासाठी आडनावे बदलून घेतली. याच ‘चिनी’ शिक्क्यापायी लाखो लोकांना घरदार सोडावे लागले असल्यामुळे हा ठोकताळा निरुपद्रवी समजून सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

‘न्गुयेन’पासूनच सुरुवात करू. हे आडनाव ज्या चिनी अक्षराने लिहिले जात असे, त्याचा मँडरिन उच्चार ‘रुआन’ असा आहे आणि त्या आडनावाची कुटुंबे चीनमध्ये आजही आहेत. व्हिएतनामवर सुमारे हजार वर्षे चिनी सत्ता होती. तिथली बहुतेक आडनावे, म्हणजे ले, फाम, न्गो, दो हीसुद्धा, त्याच अक्षरपरंपरेतून आली. शिवाय त्रान राजघराण्याने १२३२ मध्ये पदच्युत ली घराण्याच्या वंशजांना न्गुयेन हे आडनाव घ्यायला लावले. न्गुयेन आडनावामागे इतका सरमिसळीचा इतिहास असताना त्यावरून अस्सलपणा सिद्ध होणार कसा?

त्रान म्हणजे चिनी, हा दावा तर साध्या हिशेबातच कोसळतो. व्हिएतनाममध्ये साधारण दर दहा माणसांमागे एकाचे आडनाव त्रान आहे, म्हणजे जवळपास एक कोटी लोक. २०१९ च्या जनगणनेत ‘होआ’, म्हणजे चिनी वंशाचे म्हणून नोंदलेले लोक मात्र सगळ्या आडनावांचे मिळून ७,४९,४६६ भरले. खुद्द त्रान राजघराण्याचे पूर्वज चीनच्या फुजियान प्रांतातून आल्याचे सांगितले जाते, परंतु चीनमधून उतरलेल्या मंगोल फौजांना तीनदा परतवून लावणाऱ्या त्या राजांना व्हिएतनामी माणूस परके मानत नाही. ‘हुइन्ह’ तर ‘होआंग’ याच आडनावाचे दक्षिणेतले रूप आहे. तिथले सत्ताधीश न्गुयेन होआंग यांच्या नावाचा उच्चार टाळण्यासाठी ते रूढ झाले, त्यामुळे त्यातून फार तर प्रदेश कळतो, वंश नव्हे.

आता आडनावे ‘बदलल्या’ची गोष्ट. एकच चिनी अक्षर मँडरिनमध्ये चेन, दक्षिण चीनमधल्या बोलींपैकी कँटोनीजमध्ये चान, होक्किएन व तेओच्यूमध्ये तान आणि व्हिएतनामीत त्रान असे वाचले जाते. दक्षिण व्हिएतनामचे तेव्हाचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांच्या सरकारने १९५६ मध्ये तिथे जन्मलेल्या चिनी वंशाच्या लोकांना सरसकट व्हिएतनामी नागरिक ठरवले आणि व्हिएतनामी नावे धारण करण्याची सक्ती केली. घरात चान म्हणवणारा माणूस कागदोपत्री त्रान झाला तो असा. अक्षर तेच राहिले, वाचन बदलले आणि तेही हुकमाने. त्याला लपवाछपवी म्हणणे हा त्या कुटुंबांवर अन्याय आहे. १९७१ मध्ये सायगावात (आताचे हो ची मिन्ह सिटी) जन्मलेले, २०२३ चे ऑस्कर मिळवणारे अभिनेते के ह्यूई क्वान यांचे आडनावही कँटोनीज ‘क्वान’ (Kwan) आणि व्हिएतनामी ‘क्वान’ (Quan) यांपैकी कोणतेही वाटू शकते, कारण दोन्ही उच्चार एकाच अक्षराचे आहेत.

मग ओळख टिकली कशात? घरातल्या बोलीत आणि ‘बांग’ या बोलीनिहाय संघटनांत : कँटोनीज, होक्किएन, तेओच्यू, हाक्का आणि हैनानी. सायगावच्या चो लोन भागातील थिएन हाऊ मंदिरात छताला धूपाची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात आणि त्यांना भाविकांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. ही वास्तू कँटोनीज लोकांच्या सभागृहाची असून त्या सभागृहाचे नाव ग्वांगझोऊ शहराच्या जुन्या नावावरून पडले आहे. तिथे माणूस कुठल्या गावचा, कुठल्या बोलीचा, हे आडनावाच्या आधी येते.

याची दुसरी बाजू ‘मिन्ह हुआंग’ लोकांत दिसते. मिंग राजवट कोसळल्यावर चीनमधून आलेल्या निर्वासितांचे हे वंशज. त्यांच्यातले त्रिन्ह होआई डुक न्गुयेन दरबारात मंत्रिपदापर्यंत पोहोचले. या समाजाने आडनावे सोडली नाहीत, तरीही त्यांचे वंशज आज बहुतांशी व्हिएतनामीच गणले जातात, आणि तीच आडनावे लावणारे शेजारी ‘होआ’ म्हणून नोंदले जातात.

सुरुवातीला म्हटलेल्या ‘चिनी’ शिक्क्यापायीच १९७८-७९ मध्ये सुमारे अडीच लाख लोक उत्तर व्हिएतनाममधून सीमा ओलांडून चीनमध्ये गेले आणि त्यांपैकी अनेकांना सरकारी शेतांवर वसवण्यात आले. तिथे त्रान पुन्हा चेन झाला. नोंदवहीत मात्र तो व्हिएतनामहून आलेला निर्वासितच राहिला.