लिनक्सवर व्हिडिओ कॉल होत नाही म्हणे!

गेले काही दिवस आमच्या गुहागर-दापोली पट्ट्यात एक निरोप फिरतोय: चाकरमान्यांनी गावी पाठवलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, टाकू नका, व्हिडिओ कॉल होत नाहीत. कारणं चार दिलीत. स्काइप बंद झालं, आता लिनक्सला पर्याय उरला नाही. कॅमेरा-माइक ओळखत नाही. स्क्रीन दाखवायला गेलं की काळी पडते. आणि फुकटचं सॉफ्टवेअर कोकणातल्या रेंजवर टिकत नाही. मी वाडीत असे सात-आठ लॅपटॉप मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलेत, त्यामुळे हा निरोप फिरून फिरून माझ्याच दारात येतो.

स्काइप गेलं हे खरं, ५ मे २०२५ ला. पण ते सगळीकडूनच गेलं. विंडोज ठेवलं म्हणून कुणाचं वाचलं नाही. मायक्रोसॉफ्टने लोकांना टीम्सकडे वळवलं, आणि टीम्सचं लिनक्सचं वेगळं ॲप कंपनीने २०२२ च्या अखेरीसच गुंडाळलं होतं, आता ते ब्राउझरमधून वापरायचं. गूगल मीट आणि जित्सी या कॉलच्या सेवांना तर काही बसवावंच लागत नाही. ब्राउझरमध्ये वेबआरटीसी नावाचं कॉलचं तंत्र असतं, तेच कॉल पेलतं. झूमची डेब फाइल (मिंटवर ॲप बसवायची फाइल) त्यांच्याच साइटवर मिळते. सिग्नल ॲपही आहे, फक्त ते आधी फोनवर असावं लागतं.

निरोप लिहिणाऱ्याला खरी उणीव दिसलीच नाही, ती म्हणजे व्हॉट्सॲप. त्याचं लिनक्ससाठी कंपनीचं ॲप नाही, आणि गावात कॉल म्हणजे व्हॉट्सॲपच. हा मुद्दा असता तर मी निम्मा गप्प बसलो असतो. निम्माच, कारण आमच्याकडे दर दोन घरांआड कुणीतरी आखातात आहे, आणि अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल अडवलेलेच असतात, फक्त मेसेज जातात. झूम, टीम्स मात्र तिथल्या परवानगीच्या यादीत आहेत. म्हणून मी लॅपटॉप लावून देताना आधी विचारतो, मुलगा कुठे असतो? दुबईला असेल तर झूम, मुंबईला असेल तर मीट किंवा जित्सी. झूमच्या फुकट खात्यावर कॉल ४० मिनिटांत तुटतो. आमच्या आज्यांना ते पुरत नाही, पण पुन्हा लावता येतो.

जित्सीबद्दल एक. २००३ मध्ये स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने सुरू केलेलं हे काम, आजही खुलं. त्यांच्या साइटवर खोली उघडणाऱ्याला २०२३ पासून लॉगिन लागतं, येणाऱ्याला नाही. म्हणजे खोली मुंबईच्या मुलाने उघडायची आणि आजीने नुसत्या दुव्यावर टिचकी मारायची.

कॅमेरा-माइकचं गाऱ्हाणं मी प्रत्यक्ष ऐकलंय. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला, ‘अरे, तुझ्या त्या मिंटवर मी दिसतच नाय!’ गेलो. पडवीत स्टुलावर लॅपटॉप, पडद्यावर मुलगा स्पष्ट दिसतोय, काकूंची चौकट मात्र काळी. कॅमेऱ्याच्या भोकावर एक सरकती झाकणी होती, पोह्याच्या दाण्याएवढी. नखाने सरकवली, काकू दिसल्या. आवाज जात नव्हता तो वेगळ्या कारणाने: आवाजाच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून हेडफोनच्या रिकाम्या भोकाचा माइक निवडलेला होता. आतला माइक निवडला, दोन मिनिटांचं काम. बाकी यूएसबी कॅमेऱ्यांचा सर्वसाधारण ड्रायव्हर २००८ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, सीडी शोधत बसावं लागत नाही. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, पण ही ब्लूटूथची खोड आहे, विंडोजवरही बरेचदा तसंच होतं.

काळ्या स्क्रीनमध्ये मात्र थोडं तथ्य आहे. लिनक्सवर पडद्यावरचं चित्र सांभाळणारा एक भाग असतो. त्यातल्या जुन्या एक्स-११ वर कुठलाही प्रोग्रॅम अख्खा पडदा वाचू शकायचा. नव्या वेलँडवर तसं जमत नाही: आधी सिस्टीम तुम्हाला विचारते की कुठली खिडकी दाखवू, मग पाइपवायर नावाच्या वाटेने चित्र जातं. ज्या जुन्या ॲपला ही वाट ठाऊक नाही त्याला काळं दिसतं. ताज्या ब्राउझरातून दाखवलंत तर अडत नाही. मिंट तर अजून मुळात एक्स-११ वरच चालतं, तिथे हा प्रश्नच नाही.

राहिली रेंज. वेबआरटीसीतला आवाज ओपस नावाच्या कोडेकमधून, म्हणजे आवाज आवळून पाठवणाऱ्या पद्धतीतून जातो. २०१२ सालचं मानक, खुलं आणि फुकट. सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० पर्यंत जमेल तसं जुळवून घेतं. मीटमध्येही तेच, जित्सीतही तेच. ओढाताण होते ती व्हिडिओची. जुना लॅपटॉप असेल तर पंखा गिरणीसारखा ओरडतो, कारण लिनक्सवरच्या ब्राउझरात व्हिडिओचं ओझं बरेचदा प्रोसेसरवरच पडतं. तिथे गुणवत्ता ३६० वर आणा, तरी अडखळलं तर कॅमेरा बंद करा. गणपतीची आरती दाखवायची असेल तेवढ्यापुरता चालू.

आणि जुलैत आंब्याची फांदी तारेवर पडून लाइट जाते, लाइटीबरोबर राउटर जातो. त्याला विंडोज काय करणार? काकूंच्या राउटरला मी एक छोटा बॅटरीचा डबा जोडून दिलाय. आता लाइट गेली तरी कॉल सहसा तुटत नाही, फक्त पडवीत अंधार असतो आणि मुलगा तिकडून विचारतो, ‘आई, कुठे गेलीस?’