‘पैसे देत असूनही सीटी स्कॅन केला नाही’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यावरून उतरताना तुमचा आठ वर्षांचा मुलगा पडला, डोक्याला मार लागला, रविवारी संध्याकाळी तुम्ही त्याला घेऊन थेट आमच्या स्कॅन सेंटरवर आलात. रोख पैसे द्यायची तयारी होती, तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सीटी करायला आम्ही नकार दिला. मग दुसरीकडे तो दहा मिनिटांत झाला आणि नॉर्मल आला, असं तुम्ही लिहिलंय. ‘मालक असाल तुमच्या घरी’ हेही वाचलं. पेशंटची माहिती चारचौघांत बोलायची नसते, म्हणून तुम्ही स्वतः लिहिलंत तेवढ्यावरच बोलतो.

नकार दिला हे खरं आहे. उद्या पुन्हा तसेच आलात तरी हेच उत्तर मिळेल.

कारण सांगतो. सीटी एक्स-रेच्याच किरणांनी काढतात, म्हणून मशीन चालवणाऱ्या आमच्या टेक्निशियनच्या छातीवर एक छोटा बॅज असतो. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो आणि त्याच्या अंगावर किती किरण पडले ते कळतं. अणुऊर्जा नियामक मंडळाने त्याला मर्यादा घालून दिली आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (अंगावर पडलेल्या किरणांचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सर्वसामान्य माणसासाठी, म्हणजे भिंतीपलीकडे बाकावर बसलेल्या तुमच्यासाठी, ती वर्षाला १ आहे. पेशंटला मात्र अशी मर्यादाच नाही. खरोखर गरज असताना तपासणी एखाद्या आकड्यावरून अडू नये, म्हणून ती ठेवलेली नाही. मग पेशंटची बाजू बघतं कोण? त्याला हात लावून तपासलेला डॉक्टर, जो ‘करा’ किंवा ‘नको’ म्हणतो. चिठ्ठी ती हीच. ती काढून टाकली, तर बटण आणि पैसे एवढंच उरतं.

डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसीव्हर्ट जातात. छातीच्या साध्या एक्स-रेत ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ब्रिटनमध्ये लहानपणी सीटी झालेल्यांचा अभ्यास २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातला अंदाज असा, की दहा वर्षांखालच्या मुलांचे डोक्याचे १०,००० सीटी केले, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक रुग्ण जास्तीचा निघतो. धोका अगदी लहान आहे. म्हणूनच डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेव्हा काळजीत पडलेल्या आईवडिलांना मीच सांगतो, घाबरू नका, करून घ्या. पण ‘आमच्या समाधानासाठी एकदा काढून टाका’ यासाठी पोराच्या डोक्यावर किरण सोडणार नाही. अक्कलकोट, इंडीकडून येणारे काही जण ‘सगळं अंगच बघून टाका’ म्हणतात, त्यांनाही आम्ही परतच पाठवतो.

तुमच्या मुलाला सीटी लागणारच नव्हता, असं मी म्हणत नाही. ते ठरवणं माझं काम नव्हतं आणि काउंटरवरच्या मुलीचंही नव्हतं. तिने तुम्हाला विचारलं ते एवढंच: उलट्या झाल्या का, शुद्ध हरपली का, पोरगं गुंगीत आहे का, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येतंय का. आणि सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत रविवारीही डॉक्टर असतात, तिथे आधी दाखवा, असं सांगितलं. तुम्हाला ती ‘टोलवाटोलवी’ वाटली. तिथून चिठ्ठी आली असती, तर रात्री अकरालाही मशीन चालू केलं असतं; आजवर कितीदा तरी केलंय.

‘आतल्या पेशंटला एकटं टाकून टेक्निशियन काचेआड पळतो’ या वाक्याबद्दल. पेशंटला त्या तपासणीचा उपयोग असतो, टेक्निशियनला काडीचाही नाही, आणि त्याला दिवसभर एकामागून एक पेशंट करायचे असतात. तो शिशाच्या काचेतून बघत असतो, माइकवर बोलत असतो. पळत तर मुळीच नाही, त्याचा गुडघा दुखतो.

रिपोर्ट नॉर्मल आला, बरं वाटलं. त्या सेंटरकडून सीटीची सीडी मागून घ्या आणि रिपोर्टसोबत जपून ठेवा. पुढे कुणी पुन्हा सीटी सांगितला, तर आधी ती दाखवा. वाचून हवी असेल तर आमच्याकडे घेऊन या, त्याचे पैसे घेणार नाही.