‘स्टॅनफर्डने निवडलेले’ डॉक्टर आणि सायटेशनचे आकडे

गेली काही वर्षे शास्त्रज्ञांची एक यादी जाहीर झाली की लगोलग एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. गाव बदलते, नाव बदलते, साचा तोच: ‘आपल्या शहरातील एंडोक्रायनॉलॉजिस्टची (हॉर्मोनच्या विकारांच्या डॉक्टरांची) स्टॅनफर्ड विद्यापीठाने जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत निवड केली. त्यांच्या शोधनिबंधांना हजारो सायटेशन आहेत, म्हणजे संशोधन त्याच तोडीचे. मधुमेह आणि थायरॉइडसाठी याहून मोठा डॉक्टर नाही.’ त्या डॉक्टरांच्या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण मजकुरातील तिन्ही दावे तपासले तर एकही धड उभा राहत नाही.

पहिली गोष्ट निवडीची. जॉन इओअनिडिस हे यादीचे प्रमुख कर्ते स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक आहेत, एवढाच त्या विद्यापीठाचा संबंध. २०१९ पासून ते आणि त्यांचे सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या माहितीसंचातील आकड्यांवरून ही यादी तयार करतात. एकूण सायटेशन (इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले दाखले), एच-इंडेक्स (त्याबद्दल पुढे), सहलेखकांची संख्या लक्षात घेऊन काढलेला निर्देशांक, एकट्याने किंवा पहिल्या-शेवटच्या स्थानी लिहिलेल्या निबंधांची सायटेशन अशा सहा आकड्यांतून एक गुण काढला जातो. त्यात अर्ज नाही, समिती नाही आणि कोणी निबंध उघडून वाचतही नाही. शिवाय याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि दुसरी एकाच वर्षात मिळालेल्या सायटेशनची. फिरणाऱ्या मजकुरात नाव कोणत्या यादीतले, हे बहुधा लिहिलेले नसते. ‘२ टक्के’ हेही अर्धेच खरे, कारण सर्व विषय मिळून पहिल्या १ लाखांत असलेल्यालाही यादीत जागा मिळते.

खरा घोटाळा दुसऱ्या दाव्यात आहे. सायटेशन म्हणजे पुढच्या कोणीतरी आपल्या निबंधात दिलेला दाखला, आणि दाखला देण्याची कारणे अनेक असतात. पीसीओएस या स्त्रियांमधील हॉर्मोनच्या विकाराच्या तपासणीत लॅबच्या रिपोर्टवर ‘होमा-आयआर’ अशी ओळ पुष्कळांनी पाहिली असेल. शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही, याचा तो अंदाज. उपाशीपोटीची साखर मिलिमोल एककात घेऊन तिला इन्सुलिनच्या आकड्याने गुणायचे आणि २२.५ ने भागायचे, एवढे हे गणित. ते ज्या निबंधात मांडले गेले, तो मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांचा १९८५ चा निबंध या क्षेत्रात सर्वाधिक दाखले दिल्या गेलेल्या निबंधांपैकी आहे, कारण सूत्र वापरणारा प्रत्येक जण त्याचा उल्लेख करतो. निबंध उपयुक्त आहे यात शंका नाही. पण सायटेशनवरूनच संशोधनाचा दर्जा ठरवायचा तर नोबेल विजेत्या रोझलिन यॅलो यांचे काय करायचे? इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे सांगणारा त्यांचा आणि सॉलोमन बर्सन यांचा निबंध आधी नाकारला गेला, आणि १९५६ मध्ये छापून आला तो शीर्षकातला ‘प्रतिपिंड’ हा शब्द काढल्यावरच. नकाराचे ते पत्र यॅलो यांनी १९७७ च्या नोबेल व्याख्यानात सर्वांना दाखवले. त्याच कामातून उभ्या राहिलेल्या रेडिओइम्युनोअसे या तपासणी-पद्धतीमुळे रक्तातील अतिसूक्ष्म हॉर्मोन मोजणे शक्य झाले, आणि आज टीएसएच या थायरॉइडच्या तपासणीच्या निकालावर निबंध लिहिणाऱ्या कोणालाही त्यांचे नाव घ्यावेसे वाटत नाही. शोध इतका अंगवळणी पडला की त्याचा दाखला देणे थांबले.

उलटही घडते. २०१३ मध्ये हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या प्रयोगशाळेने ‘बीटाट्रोफिन’ हे हॉर्मोन इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वाढवते असे जाहीर केले, आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली, दाखलेही भरपूर पडले. इतरांच्या प्रयोगांत ते सिद्ध होईना, तेव्हा मेल्टन यांनी स्वतः पुन्हा प्रयोग केले आणि निबंध मागे घेतला. हा प्रामाणिकपणा मला त्या सगळ्या दाखल्यांहून मोठा वाटतो, पण तो मोजणारा रकाना कोणत्याच यादीत नाही.

एच-इंडेक्सचेही तसेच. किमान २० सायटेशन असलेले २० निबंध असतील तर तो २०. त्या निबंधांमागे किती वर्षे गेली, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या ६ गावांतील स्त्रियांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. वजनाने कमी पण त्या मानाने चरबी टिकवून असलेले भारतीय बाळ, हा त्यावरचा निबंध आला २००३ मध्ये. पुढच्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले: दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. एका पानाचा तो मजकूर आणि वर्षानुवर्षे गावोगाव घेतलेली मापे, दोन्ही एच-इंडेक्सच्या हिशेबात एकेक निबंधच.

तिसऱ्या दाव्याला फार जागा देण्याची गरज नाही. इन्सुलिनचा डोस रुग्णाच्या जेवणाच्या वेळेप्रमाणे बसवून देणारा, हायपो आला (साखर एकदम खाली गेली) तर फोन उचलणारा डॉक्टर स्कोपसमध्ये शोधून सापडत नाही. तिथे फक्त निबंध मोजलेले असतात.